मतदानाची माहिती यादी बंद होण्यापूर्वी छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकसभेचे मतदान पार पडले की दुसऱ्या दिवशीच्या अंकात शहरी मतदारांच्या उदासीनतेवर एखादा अग्रलेख, निदान एखादे व्यंगचित्र तरी ठरलेले असते. २०२४ मध्येही ते चुकले नाही. दक्षिण मुंबई आणि कल्याण या मतदारसंघांत मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास थांबले, पुण्यात ते चोपन्न टक्क्यांच्याही खाली राहिले, आणि शनिवार-रविवारला जोडून आलेला सोमवार, मे महिन्याचे ऊन व सुखवस्तू वर्गाची बेफिकिरी ही कारणे नेहमीच्या क्रमाने मांडली गेली. त्यांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मतदान केंद्रावर टेबलामागे बसून जे दिसते ते या निदानाशी पुरते जुळत नाही, म्हणून हे पत्र.

मी सार्वजनिक क्षेत्रातील एका विमा कंपनीत नोकरी करते. निवडणूक आली की आमच्यासारख्यांच्या हाती नेमणुकीचा आदेश पडतो, प्रशिक्षणाला जावे लागते आणि मतदानाच्या आदल्या दिवशी यंत्रे, शाई, लाख, सुतळी, पाकिटे व नमुन्यांचे गठ्ठे ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्काम करावा लागतो. त्या कामात मला सर्वाधिक खटकले ते न आलेल्या मतदारांबद्दल नव्हते. येऊन परत गेलेल्यांबद्दल होते. पस्तीस-चाळिशीची शिकलेली माणसे, आयकराचे विवरणपत्र स्वतः भरणारी, गृहकर्जाच्या व्याजदरावर बँकेशी हुज्जत घालणारी, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत आपले नाव शोधत फिरत होती. उदासीन माणूस दुपारच्या उन्हात एवढी पायपीट करत नाही. त्यांना मत द्यायचे होते. ते कसे दिले जाते, त्याआधी काय करून ठेवावे लागते आणि दिल्यानंतर त्याचे काय होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शिवाय या वयात ते विचारण्याची लाज वाटते, हा भाग वेगळाच.

शाळेत राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर धडा असतो हे खरे. तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी परीक्षेपुरता वाचला जातो, मताधिकार अठराव्या वर्षी मिळतो (१९८९ पूर्वी तो एकविसाव्या वर्षी मिळे), आणि त्याची गरज बऱ्याचदा त्यानंतर काही वर्षांनी, गाव सुटून नोकरीच्या शहरात बिऱ्हाड झाल्यावर पडते. गावातल्या माणसाला ग्रामपंचायतीचे पॅनेल, सोसायटीची निवडणूक, भावकीतले हेवेदावे यांतून राजकारण आपोआप कळत जाते. शहरातल्या गृहसंकुलात राहणाऱ्या माणसाचा राजकारणाशी संबंध बातम्यांपुरता येतो, आणि बातम्या लिहिणारे असे गृहीत धरतात की वाचकाला मूलभूत गोष्टी ठाऊक आहेतच.

पहिली मूलभूत गोष्ट म्हणजे आपण नेमके कुठले मतदार आहोत. पुण्याचेच उदाहरण घेते. पुणे लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी. हडपसरचा माणूस पत्त्यात पुणे लिहितो, महापालिकेचा मिळकतकर पुण्यात भरतो, पण लोकसभेला तो शिरूरचा मतदार असतो. धायरी किंवा वारजे येथील रहिवासी खडकवासला विधानसभा मतदारसंघात मोडतो आणि खडकवासला लोकसभेसाठी बारामतीला जोडलेला आहे. चिंचवड आणि पिंपरी मावळमध्ये आहेत, आणि त्या मावळात घाटाखालचे पनवेल, कर्जत व उरणही आहेत. राज्यातल्या विधानसभेच्या २८८ जागांचे सहा-सहांचे गट करून लोकसभेच्या ४८ जागा बनल्या आहेत, इतके साधे हे गणित आहे. पण त्याची सीमा महापालिकेच्या हद्दीवरून किंवा पिनकोडवरून चालत नाही, हे नव्याने राहायला आलेल्याला कळायला मार्ग नसतो.

याचा परिणाम नावापुरता राहत नाही. २०२४ मध्ये बारामतीचे मतदान तिसऱ्या टप्प्यात ७ मे रोजी झाले, तर पुणे, शिरूर आणि मावळचे चौथ्या टप्प्यात १३ मे रोजी. शहरभर फलक आणि ध्वनिक्षेपक ‘पुण्याचे मतदान १३ तारखेला’ असे सांगत असताना वारज्याच्या मतदाराची तारीख त्याच्या सहा दिवस आधीच उलटून गेली होती. १३ तारखेला सुट्टी टाकून, मुलांना बरोबर घेऊन आलेले एक गृहस्थ मला आठवतात. त्यांना त्यांची तारीख मागच्याच आठवड्यात होऊन गेल्याचे सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. ‘पण आम्ही पुण्यातच राहतो ना?’ एवढेच विचारले. आपल्या दैनिकाच्या शहर आवृत्तीत त्या दिवसांत पुण्याच्या उमेदवारांच्या मुलाखती येत होत्या, बारामतीची लढत राज्याच्या पानावर होती. वारज्याच्या वाचकाला शहराचे पान आपले वाटले, यात त्याचा दोष तो काय?

दुसरी गोष्ट मतदार यादीची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. हातात मतदार ओळखपत्र असले की आपण मतदार आहोत, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवले असेल, तर आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक यांपैकी काहीही दाखवून मत देता येते. ओळखपत्र नवेकोरे असेल आणि त्या केंद्राच्या यादीत नाव नसेल, तर केंद्राध्यक्ष काहीही करू शकत नाही. केंद्रावर हे सांगण्याची पाळी आमच्यावर येते, आणि समोरचा माणूस सरकारनेच दिलेले कार्ड आमच्या तोंडासमोर धरून उभा असतो.

घर बदलल्यावर नाव आपोआप सरकत नाही. त्यासाठी नमुना ८, म्हणजे आठ क्रमांकाचा फॉर्म, भरावा लागतो. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी नमुना ६ आहे आणि नाव वगळण्यासाठी किंवा त्यावर हरकत घेण्यासाठी नमुना ७. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेल्यावरही नमुना ६ भरावा लागे. २०२२ पासून स्थलांतराची सोय नमुना ८ मध्ये आली, पण जुन्या सवयीने लोक अजून ६ भरतात आणि मग एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी राहते. त्याच सुमारास आणखी एक चांगला बदल झाला. पूर्वी १ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण असतील तरच नोंदणी होई. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलीला पूर्वी जवळजवळ वर्षभर थांबावे लागे, ते थांबले.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. यादीत नाव कधीपर्यंत घालता येते? उमेदवारी अर्ज भरण्याची अंतिम तारीख उलटली की कायद्यानेच यादीत फेरबदल बंद होतात, आणि आलेल्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागत असल्याने प्रत्यक्षात त्याच्या आठ-दहा दिवस आधीच अर्ज पोहोचलेला असावा लागतो. २०२४ मध्ये निवडणुकीची घोषणा १६ मार्चला झाली. पुण्यासाठी अधिसूचना १८ एप्रिलला निघाली आणि अर्ज भरण्याची अंतिम तारीख २५ एप्रिल होती. म्हणजे एप्रिलच्या मध्याला दार बंद झाले होते. त्या काळातले अंक काढून पाहावेत. उमेदवारी कोणाला, नाराज कोण, कोणाच्या घरी कोण चहाला गेले, यांनी पाने भरलेली सापडतील. ‘आपले नाव यादीत आहे का, ते तपासा’ ही चौकट मतदानाच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर ठळक येते. त्या दिवशी नाव नसल्याचे कळून वाचकाने करायचे काय? ती चौकट तेव्हा वाचकाच्या उपयोगाची नसते, फक्त दुसऱ्या दिवशीच्या ‘याद्यांमधील घोळ’ या बातमीची प्रस्तावना असते. (याद्यांमध्ये घोळ नसतो असे माझे म्हणणे नाही, जिवंत माणसांची नावे गेलेली आणि मृतांची राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. पण आपल्या केंद्राच्या यादीत नाव आहे की नाही, हे महिनाभर आधी पाहणारा माणूस त्या घोळातून सुटू शकतो.)

केंद्राच्या आत काय होते याचे वर्णन वर्तमानपत्रांत मी क्वचितच वाचले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते, ज्याला सगळे मॉक पोलच म्हणतात. किमान पन्नास मते टाकून यंत्रावरचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राच्या) चिठ्ठ्या जुळवल्या जातात, मग ती मते यंत्रातून पुसून, चिठ्ठ्या बाहेर काढून, वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करून यंत्राला सील लावले जाते व त्यावर प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या जातात. मतदार आल्यावर पहिला मतदान अधिकारी यादीतील त्याचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो. अनेकांना हे विचित्र, काहींना अपमानास्पद वाटते. पण ते मागे बसलेल्या प्रतिनिधींसाठी असते, जेणेकरून कोणी दुसऱ्याच्या नावावर आले असेल तर त्यांना हरकत घेता यावी. त्या हरकतीसाठी दोन रुपये जमा करावे लागतात, आणि ही रक्कम आजतागायत दोन रुपयेच आहे. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, १७ अ या नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचे बटण दाबतो, तेव्हा कुठे पडद्याआडचे बॅलट युनिट एका मतासाठी खुले होते. मतदार निळे बटण दाबतो, लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून खाली पेटीत पडते आणि लांब आवाज होतो. ती चिठ्ठी घरी न्यायची असते असे समजून यंत्राखाली हात धरून उभे राहणारे असतात, आणि त्यांना हसण्यासारखे काहीही नाही. एटीएमसमोर आपण सगळे तेच करतो.

नोंदवहीत सही घेतल्यामुळे आपण कोणाला मत दिले ते कळते, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते आणि ती मोठ्याने बोलली जात नाही. नोंदवहीत कोण आले एवढेच लिहिलेले असते. कोणाला मत गेले याचा तिच्याशी काहीही दुवा नसतो. दिवसाअखेर नोंदवहीतील संख्या आणि यंत्रातील एकूण मते जुळवून १७ क हा हिशेब तयार होतो आणि त्याची प्रत प्रतिनिधींना दिली जाते. निवडणुकीनंतर आकड्यांवरून जो वाद होतो तो याच कागदावरून, पण सामान्य वाचकाने त्याचे नावही ऐकलेले नसते.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर बहुतेक माणसे आरडाओरडा करून किंवा गुपचूप परत जातात. वास्तविक, ओळख पटवून दिल्यास अशा मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मागण्याचा हक्क आहे. ते कागदी मत वेगळ्या पाकिटात ठेवले जाते आणि एरवी मोजले जात नाही. निवडणूक याचिकेत न्यायालयाने मागितले तरच ते उघडते. तरीही ते नोंदवणे महत्त्वाचे आहे, कारण तोच तोतयेगिरीचा लेखी पुरावा असतो. तसेच संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रांगेत उभे असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात, म्हणजे नंतर आलेला कोणी मध्ये घुसू शकत नाही. ‘आता बंद होईल’ म्हणून पावणेसहाला रांग सोडून गेलेले लोक मी पाहिले आहेत.

यंत्रावरच्या नावांचा क्रम हाही असाच न सांगितलेला विषय आहे. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या वर्णानुक्रमाने. सर्वांत खाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटा. एका बॅलट युनिटवर सोळा बटणे असतात, त्यामुळे नोटा धरून संख्या त्यापुढे गेली की दुसरे, तिसरे युनिट शेजारी जोडले जाते, आणि आपला उमेदवार पहिल्या यंत्रावर न दिसल्याने गोंधळलेला मतदार पडद्याआडून आम्हाला हाक मारतो. आम्ही आत जाऊन दाखवू शकत नाही. पंतप्रधानपदाच्या उमेदवाराचे नाव यंत्रावर का नाही, असे विचारणारेही भेटले. प्रचार ज्या पद्धतीने होतो तो पाहता हा प्रश्न मला मुळीच बाळबोध वाटत नाही. आपण खासदार निवडतो, लोकसभेच्या ५४३ पैकी किमान २७२ सदस्यांचा पाठिंबा ज्याच्यामागे उभा राहील त्याचे सरकार बनते, आणि तो पाठिंबा निवडणुकीनंतरही हलू शकतो. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले होते.

चिन्हांच्या बाबतीत २०२४ ची निवडणूक महाराष्ट्रासाठी विशेष अवघड होती. दोन मोठे पक्ष फुटून त्यांची जुनी चिन्हे एकेका गटाकडे गेली होती आणि दुसऱ्या गटांना नवी मिळाली होती. त्यांपैकी एक चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ असे होते, आणि मुक्त चिन्हांच्या यादीतले ट्रम्पेटही मराठीत ‘तुतारी’ म्हणून छापले गेले. साताऱ्यात तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पराभूत झाला आणि ट्रम्पेट मिळालेल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. दिंडोरीत अशाच एका अपक्षाने एक लाखाहून अधिक मते घेतली. ही सर्व मते चुकून पडली असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. पण मतदानापूर्वी दोन्ही चिन्हांची चित्रे शेजारी शेजारी छापून, उमेदवारांच्या नावांसह, ‘हे वेगळे आणि ते वेगळे’ असे सांगणे एवढे तरी वर्तमानपत्राच्या हाती होते, मग फायदा कोणत्याही पक्षाचा होवो. यंत्रावर २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्रही असते, हे किती वाचकांना माहीत आहे?

मतांचे जागांत रूपांतर कसे होते हे न कळल्यामुळे निकालाच्या दिवशी नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत होते. ज्याला मतदारसंघात सर्वाधिक मते तो विजयी. निम्म्याहून जास्त मिळवण्याची अट नाही. २०२४ मध्ये राज्यात महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या आणि महायुतीला १७, सांगलीत अपक्ष निवडून आला. मात्र दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांमधला फरक दोन टक्क्यांच्याही आत होता. वायव्य मुंबईत तर रवींद्र वायकर अमोल कीर्तिकर यांच्यावर अवघ्या ४८ मतांनी विजयी झाले. तिथे यंत्रांवरील मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतांनी निकाल फिरला. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तो भाग वेगळा. माझ्या एका मताने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्याला मी एरवी फारसे उत्तर देत नाही, कारण बहुतेक मतदारसंघांत एका मताने खरोखरच फरक पडत नाही आणि खोटा उत्साह दाखवण्यात अर्थ नाही. पण त्याला टपाली मत म्हणजे काय, ते कोणाला देता येते, ८५ वर्षांवरील आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय आहे व त्यासाठी नमुना १२ ड मुदतीत भरावा लागतो, हे माहीत असावे असे मला वाटते. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनाही नमुना ६ अ भरून नाव नोंदवता येते, मात्र मत देण्यासाठी त्यांना इथे यावेच लागते.

नोटाबद्दल गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर स्वतंत्र लेख हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आले. त्याला कितीही मते पडली तरी निकालावर परिणाम होत नाही. २०२४ मध्ये इंदूरला नोटाला २,१८,६७४ मते मिळाली, तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि विजयी उमेदवार विजयीच ठरला. गंमत अशी की महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये वेगळा नियम केला आणि तिथे नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याची तरतूद आहे. मतदाराच्या लेखी बटण तेच, पण लोकसभेला त्याचा अर्थ एक आणि महापालिकेला दुसरा. या दोन निवडणुका दोन वेगळे आयोग (एक भारत निवडणूक आयोग, दुसरा राज्याचा) घेतात हेच जिथे माहीत नाही, तिथे हा फरक कुठून कळणार?

उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांविषयी मात्र माझी आपल्यासारख्या दैनिकांवर स्पष्ट तक्रार आहे. नमुना २६ मधील या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराची मालमत्ता, कर्जे, मागील पाच वर्षांचे उत्पन्न, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे असतात आणि ते भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. त्यातून बातमी होते ती ‘अमुक यांची मालमत्ता इतक्या कोटींची’ एवढीच, फार तर सोन्याचे तोळे आणि गाडीचा नमुना. कर्ज किती, थकीत किती, यावर ओळ नसते. गुन्ह्यांचेही तसेच. ‘उमेदवारावर सात गुन्हे’ एवढे छापून वाचकाला काय बोध व्हावा? पाणीप्रश्नावर रास्ता रोको केल्याबद्दल जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा एकाच आकड्यात मिसळले जातात. गुन्हा नोंदला जाणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि शिक्षा होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. सर्वसाधारणपणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली तरच उमेदवार अपात्र ठरतो. प्रतिज्ञापत्रात ही प्रत्येक पायरी लिहिलेली असते. वार्ताहराने एक तास दिला तर मतदारसंघातील प्रमुख उमेदवारांचा तक्ता तयार होईल, आणि नवख्या मतदाराला तो कुठल्याही सभेच्या वृत्तांतापेक्षा जास्त उपयोगी पडेल. खर्चाचेही तेच. उमेदवाराला महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाखांची मर्यादा आहे, त्याच्या पक्षाला मात्र कसलीही मर्यादा नाही, ही एक ओळ कळली की प्रचाराचे फलक पाहण्याची दृष्टी बदलते.

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे, आणि विनंती दोनच आहेत. पहिली अशी की पुढच्या निवडणुकीच्या आधी आपण नवख्या पण प्रौढ मतदारासाठी एक सदर चालवावे, ज्यात ‘लोकशाहीचा उत्सव’ वगैरे शब्द नसावेत. माझा मतदारसंघ कोणता, माझी तारीख कोणती, नाव कुठे पाहायचे, पत्ता बदलला असेल तर कोणता नमुना, केंद्रावर काय घडते, यंत्रावर नावे कशी लागतात आणि उमेदवाराचे कागद कसे वाचायचे, एवढेच त्यात असावे, आणि शहर आवृत्तीत शहराच्या हद्दीत येणाऱ्या सर्व मतदारसंघांची माहिती शेजारी शेजारी असावी. पक्षांकडून जे टेबल केंद्राबाहेर मांडले जाते, त्यांच्याकडून मिळणारी चिठ्ठी ओळखीचा पुरावा नसते, इतकेच काय, सरकारी मतदार चिठ्ठीही २०१९ पासून पुरावा म्हणून चालत नाही, हेही त्यात यावे. दर निवडणुकीत त्यावरून किमान एक भांडण आमच्या टेबलापाशी होतेच. १९५० हा मदत क्रमांकही द्यावा.

दुसरी विनंती वेळेची. हे सदर आतल्या पानावर, छोट्या टायपात आले तरी चालेल. मात्र ते उमेदवारी अर्जांच्या अंतिम तारखेच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हावे.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे